रोज पहाटे पाऊण तास प्रार्थना करूनही मनाला विसावा का मिळत नाही?

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ नसती तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडले नसते. तुम्ही लिहिलंय ते असं: पाच महिन्यांपासून पहाटे पाच ते पावणेसहा गुडघ्यांवर असता. आई अंथरुणाला खिळलेली, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. धाकट्या भावाशी घराच्या वाटणीवरून अबोला. प्रार्थनेवरून उठलं की छातीवरचा दगड जागच्या जागी. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "प्रार्थनेत रडगाणं नको. स्तुती वाढवा. तुमचा विश्वास कमी पडतोय." आणि आता तुम्ही विचारताय, की वेळ किती वाढवू.

ते वडीलधाऱ्यांचं वाक्य मी इतक्या प्रार्थनासभांत ऐकलंय, की ते कोणत्या सुरात म्हटलं गेलं असेल तेही सांगू शकते. म्हणून हे उत्तर लांबेल, आणि त्यातलं निम्मं तुम्हाला नसून त्या वाक्याला असेल.

विश्वास कमी पडत नाहीये. विश्वास नसलेला माणूस पाच महिने पहाटे पाचला उठत नाही. कमी पडतंय ते खरं बोलणं.

बायबलातला हन्नेचा, मूल होत नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणाऱ्या बाईचा, अध्याय काढा, १ शमुवेल १. गोष्ट पाठ असेल, पण या वेळी वचनांचे आकडे बघा. सातव्या वचनात ती जेवत नाही, नुसती रडते. दहाव्यात जिवाच्या कडवटपणाने प्रार्थना करते. तेराव्यात फक्त ओठ हलतात, आवाज नाही. चौदाव्यात देवळाच्या दाराशी बसलेला एली याजक तिला दारू प्यालेली समजून दटावतो. पंधराव्यात ती म्हणते, मी प्याले नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतलाय. अठराव्यात ती उठून जाते, जेवते, आणि तिचा चेहरा मग उदास राहत नाही. शमुवेलाचा जन्म विसाव्या वचनात आहे. म्हणजे विसावा आधी आला, मूल मागाहून. मधे काय बदललं? सवत पनिन्ना घरी तशीच होती, कूस रिकामी होती, उद्या टोमणे तेच असणार होते. बदल एवढाच, की आत साचलेलं बाहेर गेलं होतं, आणि योग्य जागी गेलं होतं.

"ओतलं" हा शब्द नीट घ्या. तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडता येतं, तेव्हा वरवरचं स्वच्छ तेवढं निघतं. तांब्या उपडा केला की तळाचा गाळही येतो. आपली बहुतेक पहाटेची प्रार्थना शिंपडण्याची असते. "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, कृपासागर, स्वर्गीय पित्या" यातच पहिली पाच मिनिटं जातात. मग जगातले राज्यकर्ते, मग आजारी लोकांची यादी, मग सुवार्तेचं काम. सगळं योग्य, आणि त्यातलं काहीही तुमच्या छातीवरच्या दगडाला हात लावत नाही. दुसऱ्यांसाठी मध्यस्थी करणं ही स्वतःपासून लपायची फार सभ्य जागा आहे. "प्रभू, तू सगळं जाणतोस" ही दुसरी. तो जाणतो हे खरंच आहे, पण त्याला माहिती पुरवायला आपण बोलतच नाही. बोलायचं ते यासाठी, की आपण ते त्याच्यापासून मुठीत धरून बसलेलो असतो.

एलीचं एक मात्र मला आवडतं. चूक लक्षात आल्यावर त्याने वाद वाढवला नाही, "शांतीने जा" म्हणाला. ती नेमकं काय मागत होती हे त्याने विचारल्याचंही त्या अध्यायात नाही. आपल्याकडचे एली चौदाव्या वचनावरच थांबतात.

आता कृती. पाऊण तास सोडा, पंधरा मिनिटं घ्या. एक साधी वही, पेन, आणि स्तोत्र १३. हे स्तोत्र सहा वचनांचं आहे आणि त्याची घडण अगदी कामाची आहे: पहिली दोन वचनं तक्रार, पुढची दोन मागणं, शेवटची दोन भरवसा. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा "कोठवर" विचारतो. तुम्हीही आधी तिथेच बसा. देवाला एका शब्दात हाक मारा, "बापा" पुरे. त्यानंतरचं पहिलंच वाक्य असं हवं, जे तुम्ही प्रार्थनासभेत मोठ्याने म्हणणार नाही. "आईचं करून मी थकलोय आणि कधी कधी वाटतं हे लवकर संपावं." असं काहीतरी. लिहा. लिहिलेलं खोडू नका, सुधारू नका, त्याला लगेच वचनाचा मुलामा देऊ नका. या तक्रारीला सहा-सात मिनिटं द्या. मग मागणं, तेही एकच आणि आजपुरतं: "आज रात्री तिला चार तास सलग झोप लागू दे." "सर्व परिस्थिती बदल" हे मागणं नव्हे, ते हात झटकणं. शेवटी भरवसा, दोन वाक्यं. आतून येत नसेल तर स्तोत्रातलीच दोन वचनं वाचा. उसनं चालतं, खोटं चालत नाही.

कोणत्या भाषेत? ज्या भाषेत भावाशी भांडलात त्या भाषेत. घरी "मले झेपून नाही राहिलं" म्हणत असाल, तर देवापुढेही तेच म्हणा. छापील मराठी सुरू झालं की माणूस आपोआप सावरून बसतो, पाहुण्यांसमोर बसल्यासारखा. ना. वा. टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि ते अडकले ते डोंगरावरच्या प्रवचनात. प्रार्थनेत पोकळ बडबड करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या, हे त्याच प्रवचनात आहे. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने ख्रिस्ताला आळवलं ते अभंगांतून, घरच्या बोलीत.

छापील प्रार्थना वाईट, असं मात्र समजू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली ती आपल्या नागपुरातच. तेव्हापासून पुस्तकातून प्रार्थना करणारे आणि मनची प्रार्थना करणारे एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतात. पुस्तकातला पापांगीकार कोरडा वाटतो खरा, पण त्यात एक गुण आहे: त्यात "पण" नाही. आपली मनची कबुली ऐका. "प्रभू, मी भावाला टाकून बोललो, पण त्यानेही..." इथे कबुली संपली आणि खटला सुरू झाला. तुमचा दगड हलत नाही याचं निम्मं कारण मला इथे दिसतं. वहीत कबुलीचं वाक्य लिहिताना कर्ता "मी", क्रियापद नेमकं, माणसाचं नाव, आणि पूर्णविराम. "कळत-नकळत झालेली पापं" हा शब्दप्रयोग महिनाभर बंद ठेवा. लूक १८ मधल्या जकातदाराचं वाक्य किती लहान आहे बघा: हे देवा, मज पाप्यावर दया कर. त्याच गोष्टीतल्या कर्मठ परूशाची प्रार्थना लांब होती आणि उपकारस्तुतीनेच सुरू झाली होती. "स्तुती वाढवा" म्हणणाऱ्यांनी हेही एकदा वाचावं.

तेच लोक म्हणतात की तक्रार म्हणजे अविश्वास. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. बहुतेकांत शेवटी वळण येतं. स्तोत्र ८८ मध्ये तेही येत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली. त्याला कुणी "पुरे झालं रडगाणं" म्हटलं नाही. शिष्य झोपलेले होते, एवढंच.

नम्रतेबद्दल थोडंच लिहिते, कारण तिचं नाटक फार होतं. "मी धूळ, मी किडा, मी काहीच नाही" असं पंधरा मिनिटं म्हणत राहणं ही नम्रता नाही, तिथेही विषय "मी"च आहे. नम्र माणूस आपली उंची कमी सांगत नाही, आहे तेवढी सांगतो. स्तोत्र १३१ तीन वचनांचं आहे आणि त्यात आईजवळच्या दूध तुटलेल्या मुलाचं चित्र आहे. दुधावरचं मूल आईच्या मांडीवर आलं की स्वस्थ बसत नाही, पदर ओढतं, तोंडाने शोधतं, मिळालं नाही की किंचाळतं. मग एक दिवस दूध तोडतात. पूर्वी आया स्तनाला कडुनिंबाचा पाला वाटून लावायच्या. दोन-चार रात्री पोर घर डोक्यावर घेतं. त्यानंतर तेच मूल त्याच मांडीवर येतं आणि काहीही न मागता डोकं टेकून बसतं. दाविदाने विसाव्यासाठी हे चित्र निवडलं, पोट भरलेल्या बाळाचं नाही. त्या रडण्याच्या रात्री टाळून त्या मांडीवर पोचता येत नाही. म्हणून रडगाणं नको म्हणणारे तुम्हाला दूधही देत नाहीत आणि तुटूही देत नाहीत.

प्रार्थना चालू असताना "आली का शांती?" म्हणून आत डोकावून बघायची सवय असेल तर तीही सोडा. भाताचं झाकण दर मिनिटाला उघडलं की वाफ जाते आणि दाणा कच्चा राहतो.

आणि "कष्टी व भाराक्रांत जनहो" हे वचन तुम्ही प्रश्नात दिलंयच, तर त्याचा पुढचा भागही वाचा. विसावा देईन म्हणणारा लगेच म्हणतो, माझं जू घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. बैलाचा खांदा का सोलतो हे शेतकऱ्याला विचारा. वजनापेक्षा वाकडं बसलेलं जू जास्त सोलतं, आणि जोडीतला एक पुढे, एक मागे ओढत असला की आणखी. वचनात "सोयीचे" हा शब्द आहे, तो नेमका त्या बसण्याबद्दलचा आहे. आईची सेवा हे तुमच्या खांद्यावरचं काम राहणारच, ते प्रार्थनेने उतरणार नाही. ते एकट्याने ओढायचं की जोडीने, एवढाच प्रश्न आहे. नव्या गोऱ्ह्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात, तसं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता. वही कुलपात ठेवा किंवा पान फाडून जाळा, घरात कुणी वाचलं तर नवंच महाभारत होईल. हे सगळं पहिल्या आठवड्यात उलटं वाटतं, दगड जास्त जड होतो, कारण गाळ हलतो. तीन आठवडे तरी द्या. आणि माझ्या बोलण्याने त्या वडीलधाऱ्यांशी भांडू नका. त्यांनाही कुणीतरी कधीतरी हेच सांगितलेलं असतं. झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल, तर थेट डॉक्टरकडे जा, वाट बघू नका. त्यात अविश्वास नाही.

खरं तर झोपेचं मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा (१ राजे १९) दूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं, आणि उठवून परत खायला घातलं. देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. तुम्ही रात्रीतून तीनदा उठता आणि पाचला गुडघ्यांवर येता. पाचला उठणं महिनाभर बंद करा. आई दुपारी झोपते तेव्हा पंधरा मिनिटं बसा, कूलर चालू असेल तर आवाजही बाहेर जाणार नाही.

राहिला भाऊ. वेदीवरचं दान तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तय ५ मध्ये आहे, आणि त्याला माझ्याकडे पळवाट नाही. समेट म्हणजे वाटणीच्या कागदावर सही नव्हे, तुमचा हिस्सा तुम्ही वकिलाला विचारूनच बघा. पण अबोला आधी मोडावा लागेल, आणि मोठे तुम्ही आहात. फोन करा, घराचा विषय काढू नका, त्याने काढला तरी त्यात शिरू नका. आईचं औषध किती वाजता असतं तेवढं सांगा, आणि रविवारी दुपारी दोन तास येऊन तिच्याजवळ बसशील का विचारा.