लेकीचा स्माइलचा प्रोजेक्ट आणि फुल स्टॅकची फी

ताई, पत्र मिळालं. लेक बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, सरांनी प्रोजेक्टला स्माइल दिलं, म्हणजे सिंक्रोनाइज्ड मल्टिमीडिया इंटिग्रेशन लँग्वेज, तिने त्यात तुकोबांचे अभंग असे बसवले की आवाज पुढे जातो तशी ओळ रंगत जाते, आणि आता ती म्हणते मला असलंच काम करायचंय. तिचे बाबा म्हणतात ही भाषा कधीच मेली, लाखभर भरून पुण्यात फुल स्टॅकचा, म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि मागची दोन्ही बाजू बनवायला शिकवणारा क्लास लाव. आणि तुम्ही विचारताय कोणाचं ऐकू.

भाषेपुरतं म्हणाल तर बाबांचं बरोबर आहे. स्माइलचं पहिलं व्हर्जन जून 1998 मध्ये आलं. वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनेच ते काढलं होतं आणि कल्पना फार सुंदर होती, प्रोग्रॅमिंग न करता नुसत्या टॅगमध्ये, म्हणजे कंसातल्या छोट्या खुणांमध्ये, सांगायचं की हा फोटो आणि हा आवाज एकदम सुरू कर, तो संपला की मग व्हिडिओ लाव. रियलप्लेअर आणि क्विकटाइम या तेव्हाच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये ते चालायचं. पण ब्राउजरवाल्यांनी ते पूर्ण कधी उचललंच नाही, आधी फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरने जागा घेतली, मग वेबपेजच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत, एचटीएमएल5 मध्ये, ऑडिओ-व्हिडिओचे टॅग आले आणि बाकीचं जावास्क्रिप्टने करायला लागले. शेवटचं मोठं व्हर्जन 2008 चं, आणि 2012 मध्ये स्माइलवर काम करणारा डब्ल्यूथ्रीसीचा गटही बंद झाला. त्यामुळे ‘स्माइल डेव्हलपर पाहिजे’ अशी जाहिरात कुठे दिसेल, ही आशा लेकीने सोडावीच.

पण तिला जे आवडलंय ते संपलेलं नाही आणि हे बाबांना समजावून सांगा. ईपब3 नावाचं ईबुकचं फॉरमॅट आहे, त्यात वाचून दाखवणारं पुस्तक करतात त्याला मीडिया ओव्हरले म्हणतात, आणि त्याच्या आत स्माइलच आहे, फक्त छोटं करून घेतलेलं. अंध वाचकांसाठीची डेझी फॉरमॅटची बोलकी पुस्तकं बघा, त्यांच्यातही स्माइल. एसव्हीजी, म्हणजे वेबवरची रेषांची चित्रं, त्यांच्या ॲनिमेशनचे टॅग स्माइलमधूनच आलेत, 2015 मध्ये क्रोमने ते काढायचं जाहीर केलं होतं, लोकांनी विरोध केला आणि निर्णय थांबवावा लागला, आजही ते चालतात. शिवाय व्हिडिओखालची कॅप्शन्स, त्यांची फॉरमॅट वेबव्हीटीटी आणि टीटीएमएल, तिथेही प्रश्न तोच, कुठल्या क्षणी काय दिसायचं.

आता काम कुठे आहे ते सांगते. परदेशी प्रकाशकांची ईबुकं बनवून देणाऱ्या कंपन्या चेन्नई, पुणे, मुंबई, नोएडाकडे आहेत. युरोपात 28 जून 2025 पासून ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं याचा, कायदा लागू झालाय आणि ईबुकं त्यात येतात, त्यामुळे ते प्रकाशक आता पुस्तक सगळ्यांना वाचता येतं का हे तपासून मागतात. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शनची (दृश्य बोलून सांगायची) तरतूद आहे, त्याच वर्षी दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुगम्य पुस्तकालय सुरू झालं, मुंबईत नॅब या अंधांसाठीच्या संस्थेची टॉकिंग बुक लायब्ररी तर कितीतरी जुनी. ॲक्सेसिबिलिटी टेस्टर, ईबुक प्रॉडक्शन, ई-लर्निंग, व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्या टीममध्ये फ्रंट एंड (स्क्रीनवर दिसणारा भाग), अशा नावांनी तिने शोधावं. नुसतं कॅप्शन टाइप करायचं काम मात्र धरू नये, ते मिनिटावर पैसे देतात, फार थोडे देतात, आणि आता मशीन ते बरंचसं करून टाकतं.

तर तिने काय करावं. तोच अभंगांचा प्रोजेक्ट ईपब3 मध्ये न्यावा. प्रत्येक ओळीला एक आयडी द्यायचा, मग स्माइल फाइलमध्ये ‘एकदम चालव’ सांगणाऱ्या पार टॅगच्या आत दोनच गोष्टी, टेक्स्ट त्या आयडीकडे बोट दाखवतो आणि ऑडिओला क्लिपबिगिन, क्लिपएंड, म्हणजे ओळ सुरू आणि संपायची वेळ. ऐकायला सोपं वाटतं पण खरी मेहनत त्या दोन आकड्यांत आहे, गाणारा ओळीच्या शेवटचा स्वर लांबवतो आणि तुम्ही पाव सेकंद आधी कापलं की ‘विठ्ठला’ मधला ‘ला’ अर्धाच ऐकू येतो, उशिरा कापलं तर पुढच्या ओळीचा श्वास मागच्या ओळीत घुसतो. ऑडॅसिटी हे आवाज कापायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लेबल लावून सेकंद काढता येतात. झालं की ईपबचेक या चुका तपासणाऱ्या साधनातून पास करून घ्यावं आणि थोरियम रीडर या ईबुक वाचायच्या ॲपमध्ये लावून बघावं, आवाजाचा एकूण कालावधी ईपबच्या पॅकेज फाइलमध्ये लिहायला लोक हमखास विसरतात.

मग त्याच अभंगांचं वेबपेज करावं, वेबव्हीटीटी आणि जावास्क्रिप्ट घेऊन. इथे एक बारकी गोष्ट, एसआरटी या जुन्या कॅप्शनच्या फाइलमध्ये सेकंदानंतर स्वल्पविराम असतो आणि व्हीटीटीमध्ये टिंब लागतं, नुसती फाइलची एक्स्टेन्शन बदलली तर कॅप्शन दिसतच नाहीत आणि माणूस तासभर कोड तपासत बसतो. दुसरं, आवाज कुठवर आला हे ब्राउजर कळवतो ती टाइमअपडेट इव्हेंट सेकंदाला चार-पाच वेळाच येऊ शकते, ओळ रंगवायला ते चालतं पण एकेक शब्द रंगवायचा तर तो मागे पडल्यासारखा वाटतो, तिथे स्क्रीन बदलते तितक्या वेळा कोड चालवणारं रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम वापरावं लागतं. हे तिने स्वतः करून पाहिलं असेल तर इंटरव्ह्यूत ती दहा मिनिटं बोलू शकेल, आणि समोरच्याला लगेच कळतं की पोरीने हाताने काम केलंय.

म्हणजे जावास्क्रिप्ट तिला शिकावंच लागेल, बाबांचा तेवढा आग्रह योग्य आहे. पण त्यासाठी लाखभर आत्ता भरू नका. परीक्षा होईपर्यंत एमडीएन या वेबसाइटवरून एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट ती घरी फुकट शिकू शकते, सोबत डब्ल्यूसीएजी हे डब्ल्यूथ्रीसीचे ॲक्सेसिबिलिटीचे नियम वाचावेत, आणि केलेलं सगळं गिटहबवर, म्हणजे कोड लोकांना दाखवायच्या साइटवर, टाकत जावं. परीक्षेनंतरही क्लास लागतोय असं तिलाच वाटलं तर मग बघा, पण आधी डेमो लेक्चरला बसा, मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांना स्वतः फोन करून कुठे लागले ते विचारा, आणि पूर्ण फी एकदम मागणारा क्लास असेल तर तिथून निघून या.

अभंगांच्या रेकॉर्डिंगचं एक राहिलं. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत पण कोणा गायकाची कॅसेट वापरली असेल तर त्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे असतात, गिटहबवर टाकायच्या आधी तिने ते काढून स्वतःच्या नाहीतर घरातल्या कोणाच्या आवाजात रेकॉर्ड करावं. तुमचा आवाज चालेल, ताई.