'इंडिकेटर' या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कुठे वापरतात?

उत्तर : इंडिकेटर म्हणजे दाखवून देणारा. मूळ लॅटिन, आणि 'इंडेक्स फिंगर' म्हणजे आपली तर्जनी, तीही त्याच कुळातली. बोट दाखवून सांगणं, हा अर्थ लक्षात ठेवला की बाकीचे वापर आपोआप उलगडतात.

मुंबईत हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो लोकलच्या फलाटावर, तिथल्या गाड्यांची माहिती दाखवणाऱ्या फलकासाठी. "इंडिकेटरला काय लागलंय?" म्हणजे पुढची गाडी कुठली. गाडी कुठे जाणार हे त्यावर अक्षरांनी दिसतं : मध्य रेल्वेवर 'के' म्हणजे कल्याण, 'एन' म्हणजे कसारा, 'एस' म्हणजे कर्जत. नवख्या माणसाची गडबड इथेच होते, कारण धीम्या गाडीलाही 'एस'च आणि जलदला 'एफ'. म्हणून एकटं अक्षर बघून धावू नका. वेळ आणि डबे १२ की १५, हेही तिथेच दिसतं.

गाडीचा वळण्याचा दिवा तोही इंडिकेटरच. रसायनशास्त्रात लिटमससारख्या, रंग बदलून आम्ल की आम्लारी हे दाखवणाऱ्या पदार्थाला मराठीत 'दर्शक' म्हणतात आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो. फलाटावर मात्र बिनधास्त इंडिकेटरच म्हणा, सगळ्यांना कळतं.