अमेरिकेत सरकारी शाळा फुकट आणि चांगल्या असताना पालक मुलांना चार्टर शाळेत का घालतात?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून ॲरिझोना राज्यात फिनिक्सजवळ चँडलरला यायचं ठरतंय, मुलगी आठ वर्षांची आहे, आणि इथली ओळखीची मंडळी आत्तापासूनच ‘चार्टरला अर्ज टाकून ठेवा’ म्हणतायत. मी इथे अकरा वर्षं राहते. माझी लेक चार्टरमध्ये शिकते. धाकटा तिथे एक वर्ष काढून घराजवळच्या डिस्ट्रिक्ट शाळेत, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळेत, परत आला. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

पहिली गोष्ट, चार्टर म्हणजे खासगी शाळा नव्हे. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, फी नाही. संस्थेचा राज्याशी करार असतो, त्यालाच चार्टर म्हणतात. ॲरिझोनात तो पहिल्यांदा १५ वर्षांसाठी मिळतो, आणि शाळा नीट चालली नाही तर काढूनही घेतात. असा पहिला कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, ॲरिझोनात १९९४ साली. आज या राज्यात सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर पाच मुलांमागे जवळपास एक चार्टरमध्ये आहे. प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही. अर्ज जास्त आले की सोडत काढतात, आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची निघते तशीच.

आता तुमचा ‘का’. माझ्या माहितीत चार्टर निवडलेली पंधरा-वीस घरं आहेत. रँकिंगचे तक्ते बघून गेलेले त्यात थोडेच. बहुतेकांच्या मुलाची काहीतरी ठरावीक अडचण होती, ती घराजवळच्या शाळेत सुटेना, म्हणून ते तिथून उठले.

आमची अडचण सांगते. लेक तिसरीत होती. एका शुक्रवारी तिचं दप्तर उपसलं तर गणिताचे सात कागद निघाले. पुढच्या बाजूला सगळी गणितं बरोबर, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे तेच चित्र: डोंगर, घर, नदी. विचारलं तर म्हणाली, ‘माझं लवकर होतं ना, मग टीचर म्हणतात ड्रॉइंग कर.’ मी बाईंना भेटले. अतिशय मनापासून शिकवणारी बाई. वर्गाचा पट सत्तावीस, त्यातली सहा-सात मुलं नुकतीच इंग्रजी शिकत होती. तिच्याकडे माझ्या मुलीसाठी वेगळा वेळ उरतच नव्हता, आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. तिच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण दिवसाला अर्धा तास डोंगर काढत वर्ष जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

चार्टरमध्ये गणिताचे गट इयत्तेप्रमाणे नाहीत, तयारीप्रमाणे आहेत. ती पाचवीच्या मुलांबरोबर बसायला लागली. पहिला महिना फार जड गेला. एका रात्री अपूर्णांकाचं एक गणित इतक्या वेळा खोडलं की कागदाला भोक पडलं, आणि ती वहीवर डोकं टेकून रडली. तीन-चार दिवसांनी शाळेतून येताना गाडीत म्हणाली, ‘आई, आज मला येत नव्हतं आणि मग आलं.’ हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

दुसरं मोठं कारण पत्त्याचं आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मूल कुठल्या शाळेत जाणार हे घराचा पत्ता ठरवतो. नावाजलेली शाळा असलेल्या भागात घरं आणि भाडी महाग. ॲरिझोनात हद्दीबाहेरच्या मुलालाही डिस्ट्रिक्ट शाळा घेते, पण जागा शिल्लक असेल तरच, आणि चांगल्या शाळा भरलेल्या असतात. चार्टरला हद्द नसते. व्हिसावर आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं मोल फार आहे. आमच्या मित्रांनी पाच वर्षांत तीन घरं बदलली, मुलाची शाळा तीच राहिली.

हे झालं आपल्या लोकांचं. देशभरात चार्टरमध्ये सुमारे ३७ लाख मुलं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरांतली. ह्यूस्टनमध्ये १९९४ साली दोन तरुण शिक्षकांनी ‘किप’ (आज चार्टर शाळांचं मोठं जाळं) सुरू केलं, ते गरीब वस्तीतल्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवायचं म्हणून. शाळेचा दिवस लांब, शिस्त कडक. तिथल्या आईला मूल सुरक्षित राहील आणि कोणीतरी त्याच्याकडून अपेक्षा ठेवील, एवढं हवं असतं. तिची गरज माझ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

निकालांचं म्हणाल तर स्टॅनफर्डच्या क्रेडो या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात चार्टरची मुलं सरासरीने वर्षाला वाचनात १६ दिवस आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे दिसली. म्हणजे फरक आहे, पण थोडा. ऑनलाइन चार्टरची मुलं मात्र खूपच मागे पडलेली होती. तिकडे वळू नका.

आणि याची किंमत मोजावी लागते. आमच्या शाळेला बस नाही, स्वयंपाकघरही नाही, रोज डबा. दुपारी तीनला गाड्यांची रांग लागते, काचेवर मुलाच्या नावाचं कार्ड लावून पुढे सरकायचं. शाळा उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा बाहेर ४३ अंश असतात. आम्ही चार घरांनी पाळ्या लावल्यात. ज्या घरात एकच गाडी आहे आणि आईची नोकरी दुकानात उभं राहण्याची, ते घर सोडतीत नंबर लागूनही प्रवेश घेऊ शकत नाही. मला हे मनापासून खुपतं.

धाकट्याचं वेगळं झालं. तो बोलताना अडखळतो. विशेष मदत देणं कायद्याने चार्टरलाही बंधनकारक आहे, पण त्या छोट्या शाळेत स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एक सकाळ यायची, आणि ती आली नाही तर तो आठवडा गेलाच. डिस्ट्रिक्ट शाळेत थेरपिस्ट रोज हजर. तिथे गेल्यावर चौथ्या महिन्यात त्याने वर्गासमोर उभं राहून कविता वाचली. बहिणीची शाळा त्याची नव्हती.

म्हणून आधी घराजवळच्या शाळेत मुलीला घेऊन जा, तिच्या इयत्तेच्या शिक्षकांना भेटा. बऱ्याच चार्टरचे पुढच्या वर्षाचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, तेही भरून ठेवा, पैसे लागत नाहीत. चार्टरला भेट द्याल तेव्हा गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले ते नक्की विचारा. इथे चार्टरच्या शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, त्यामुळे तुमच्या मुलीला शिकवणार कोण आणि त्यांचा अनुभव किती, हेही विचारा. घर कुठल्या चौकाजवळ बघताय ते कळवा, तिथून कुठल्या शाळेला सकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो ते मी सांगते.