बुखाराच नसलेल्या पॅकेजसाठी एफडी मोडू नका

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. उझबेकिस्तानातलं समरकंद-बुखारा पाहायची फार वर्षांची इच्छा आहे. मे महिन्यात दोघांनी जावं म्हणतो. टूर कंपनी सहा रात्रींचे माणशी 1,30,000 सांगते. एफडी चार लाखांची, घरखर्च 50,000, दरमहा शिल्लक 20,000. जूनमध्ये मुलीची 1,40,000 फी भरायची आहे. एफडी मोडू, की कंपनी देते तो 23,600 चा बारा महिन्यांचा हप्ता घेऊ?

उत्तर : सर, दोन्ही नको. जा मात्र नक्की.

आधी हप्ता. बारा महिन्यांत तुम्ही 2,83,200 भरणार, म्हणजे 23,200 जास्त. ‘नऊच टक्के’ असं तुम्हाला सांगितलं असेल. पण मुद्दल दरमहा कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावलंय, त्यामुळे खरा दर सोळा टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय शिल्लक 20,000 आणि हप्ता 23,600. इथेच विषय संपतो.

एफडीतून फी गेली की 2,60,000 उरतात, जेमतेम पाच महिन्यांचा घरखर्च. पॅकेजची रक्कमही नेमकी तेवढीच. परत याल तेव्हा हाताशी दमडी नसेल.

आता तुम्ही पाठवलेला कार्यक्रम. सगळा मुक्काम राजधानी ताश्कंदला, एक दिवस जवळचे चिमगानचे डोंगर आणि चारवाक तलाव, एका रात्री नाचगाण्यासह ‘इंडियन डिनर’, आणि समरकंद सकाळी जाऊन रात्री परत. बुखारा त्यात नाहीच! ज्यासाठी जायचं तेच नाही आणि वर महाग. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापतात तो वेगळा. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

स्वतः आखलंत तर डॉलर 90 रुपये धरून माझा अंदाज असा. दिल्ली-ताश्कंद जाऊन-येऊन दोघांचे 76,000, दिल्लीपर्यंत रेल्वेचे 8,000. ई-व्हिसा माणशी 20 डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरा, एजंट लागत नाही. घरगुती गेस्टहाउसमध्ये नाश्त्यासह दोघांची खोली 40 डॉलरला धरा, सात रात्रींचे 25,000. तिथल्या रेल्वेला 9,000, जेवण-टॅक्सी-प्रवेशशुल्काला 36,000, विम्याला 3,000. बेरीज 1,60,000 च्या आसपास; वर पंधरा हजार हाताशी ठेवा. यात समरकंदला तीन रात्री आणि बुखाऱ्याला दोन आरामात बसतात. समरकंदचा रेगिस्तान चौक संध्याकाळी पुन्हा पाहता येईल, खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेगच्या वेधशाळेतला जमिनीखाली उरलेला दगडी कंस घाई न करता बघता येईल. खिवा हे तिथलं जुनं शहर या खेपेला सोडा. अंतर मोठं आहे आणि बजेट तिथेच फाटतं.

अफ्रोसियोब ही वेगवान गाडी ताश्कंदहून समरकंदला दोन-सव्वादोन तासांत पोचवते. स्वस्त वर्गाची तिकिटं भराभर संपतात, विक्री उघडताच काढा. नाही मिळाली तर शार्क गाडी आहे, थोडी हळू.

रुपये तिथे चालत नाहीत. अधिकृत विक्रेत्याकडून डॉलर घ्या, नोटा कोऱ्या मागा. चुरगळलेली किंवा डाग पडलेली नोट तिथे नाकारतात. शंभर डॉलरचे बारा लाखांच्या आसपास सोम (तिथलं चलन) हातात येतात, तेव्हा बाजारात शून्यं मोजूनच पैसे द्या. नेहमीचं क्रेडिट कार्ड घासू नका. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो.

वहिनी शुद्ध शाकाहारी असतील तर जेवणाचं मात्र अवघड आहे. पुलावात मांस असतंच. तंदुरी नान, टोमॅटो-काकडी, फळं, भोपळ्याचा साम्सा यांवर भागतं, पण मेतकूट-चटणी न्याच. हे जमणार नसेल, किंवा सामान उचलून गाड्या बदलणं झेपणार नसेल, तर टूर घेण्यात कमीपणा नाही. फक्त बुखारा असलेली शोधा आणि साठवलेल्या पैशातून घ्या.

मे सोडून दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटपून निघा. रात्री गारठा असेल, स्वेटर लागेल. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी गाठतो, त्यापेक्षा बरं. विमानाची तिकिटं ऑगस्टच्या सुरुवातीलाच काढा, दिवाळी जवळ आली की भाडं चढतं.

म्हणून या जानेवारीपासून दोन आवर्ती ठेवी उघडा : दरमहा 11,000 ची सात महिन्यांची, तिकिटांसाठी, आणि 9,000 ची नऊ महिन्यांची, बाकी खर्चासाठी. पहिली संपली की ऑगस्ट-सप्टेंबरचे 11,000 बचत खात्यातच राहू द्या. तारीख पगारानंतरची घ्या. एफडी मुलीच्या फीपुरतीच मोडायची. बँक रकमेचा काही भाग काढू देत असेल तर तेवढाच काढा, नसेल तर उरलेल्या 2,60,000 ची त्याच दिवशी नवी एफडी करा.