अ ★ ब = ३अ − २ब, तर ५ ★ (४ ★ २) = ? असली चिन्हांची गणितं कशी सोडवायची?

उत्तर −१: ★ ला स्वतःचा काही अर्थ नसतो, दिलेलं सूत्र हाच त्याचा नियम, म्हणून डावीकडची संख्या अ च्या जागी आणि उजवीकडची ब च्या जागी ठेवायची. आधी आतला कंस, ४ ★ २ = १२ − ४ = ८; मग ५ ★ ८ = १५ − १६ = −१. सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी बीजगणित शिकवतो. सगळ्यात जास्त गुण जातात ते जागा उलटल्यामुळे. कंसात २ ★ ४ घेतलं की −२ येतं, पुढे उत्तर १९, आणि पर्यायांत १९ बहुतेक वेळा असतोच! ‘+ म्हणजे ×’ अशी अदलाबदल असेल तर मात्र प्रकार वेगळा: आधी सगळी चिन्हं बदलून लिहा, मग नेहमीचं कंचेभागुबेव, म्हणजे कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम.