मुलीला घोडेस्वारीच्या स्पर्धेत उतरवावं का? सराव आणि स्पर्धा यांतले चढउतार कसे असतात?

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: मुलगी तेरा वर्षांची आहे, दोन वर्षं शिकतेय, तिला आता शो जंपिंगच्या, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेत उतरायचंय आणि शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी स्वस्तात मिळतेय. मी पुण्यात नेमकं हेच केलंय, तेही अशाच घोडीवर, सहा वर्षं. त्यामुळे जे झालं ते सांगते. उपदेश शेवटी थोडासा येईल, तेवढा चालवून घ्या.

घोडीचं कागदावरचं नाव भलंमोठं इंग्रजी होतं, तबेल्यात सगळे तिला मैना म्हणायचे. पाच वर्षांची, तांबडी, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. पुण्यातला शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो. तो संपला की न जिंकणारे घोडे कुठे ना कुठे जातात, त्यातली ही एक आमच्या रायडिंग स्कूलमध्ये आली. दिसायला अशी की बघणाऱ्यानं लगेच हो म्हणावं. मीही म्हटलं.

पहिल्या आठवड्यात कळलं की आपल्याला येतं ते तिला येत नाही, आणि तिला जे येतं ते आपल्याला नको आहे. लगाम ओढला की घोडा थांबतो, असं आपण शिकलेलो असतो. शर्यतीच्या घोड्याला लगाम ताणला की त्यावर तोंड टेकवून पळायचं एवढंच ठाऊक असतं. मी घाबरून खेचायचे, ती आणखी जोरात सुटायची, म्हणून मी आणखी खेचायचे. एका सकाळी आमचे सर कुंपणापाशी येऊन ओरडले, "अगं सोड! सोड तो लगाम, तू तिला पळ म्हणून सांगतेयस!" जीव मुठीत धरून हात ढिले केले. दहा-बारा पावलांत बाई चक्क दुडकीवर आल्या.

जॉकीचे पाय आखूड रिकिबींमुळे वर, खोगिराजवळ असतात. त्यामुळे पोटाला माझी पोटरी लागली तरी ती दचकायची. चढताना उभं राहणंही माहीत नव्हतं, कारण जॉकीला बहुतेक चालत्या घोड्यावरच उचलून बसवतात. आणि पुण्या-मुंबईच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं धावतात, म्हणून मैना उजवीकडे लोण्यासारखी वळायची आणि डावीकडे नुसता ओंडका. डावीकडचा एक धड गोल काढायला आम्हाला चार महिने लागले. चार महिने! तेवढ्यात माझी धाकटी बहीण पोहायला शिकून मोकळी झाली.

सराव म्हणजे रोज उड्या, असं मुलांच्या डोक्यात असतं. उडी आठवड्यातून एखाद-दोन दिवस. बाकी दिवस कदम, दुडकी, वळणं, जमिनीवर मांडलेल्या दांड्यांवरून चालणं आणि भरपूर खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासून साफ करणं. रोज चारही खूर उचलून साफ करायचे, पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचं. पावसाळ्यात ओल्या जमिनीमुळे खुराच्या तळातला मऊ त्रिकोणी भाग सडायला लागतो, त्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मात विसरत नाही.

पहिली स्पर्धा ऐंशी सेंटीमीटर उंचीच्या अडथळ्यांची होती. पहाटे चारला उठून आयाळीच्या वेण्या घातल्या. सुरू होण्याआधी मैदान पायी फिरून बघू देतात. आपली चार पावलं म्हणजे घोड्याची एक झेप, असा हिशोब असतो. दोन अडथळ्यांमध्ये वीस पावलं भरली तर उतरण्या-उडण्याची मिळून चार वजा करायची, म्हणजे मध्ये चार झेपा. हे सगळं मी पाठ करून बसले होते. लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे. घंटा झाली. पहिले तीन अडथळे मैनानं असे मारले की आई टाळ्या वाजवायला उठली. चौथ्याखाली पाण्याचा भास व्हावा म्हणून निळी ताडपत्री पसरलेली होती.

अडली. चार दंडगुण. (अडथळ्यावरची दांडी पडली तरी चारच.) वळवून पुन्हा आणली. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा अडली की बाद, पण ते ठरवायची वेळच आली नाही, कारण मैना थांबली आणि मी थांबले नाही. तिच्या मानेवरून थेट ताडपत्रीवर. पडलं की बादच. एका वर्षाची तयारी आणि मैदानात जेमतेम चाळीस सेकंद.

त्या दिवशी मला घोडीचा खूप राग आला होता, हे कबूल करते. नंतर सरांनी समजावलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कपाळाच्या नेमकं पुढचं त्याला दिसत नाही. शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून जातो आणि तो आधी पाहिलेल्यावर आणि वर बसलेल्यावर भरवसा ठेवून उडतो. ती ताडपत्री तिनं आधी कधी पाहिलीच नव्हती, आणि वर बसलेली मी श्वास रोखून बसले होते. मग आम्ही तशीच निळी ताडपत्री विकत आणली, तबेल्याच्या आवारात पसरली आणि रोज तिच्यावर मैनाला चंदी, म्हणजे दाणा, द्यायला लागलो. अकराव्या दिवशी मैना ताडपत्रीवर उभी राहून निवांत लीद टाकत होती. सर म्हणाले, "झालं. आता घर समजते."

पुढच्या वर्षी नव्वदच्या गटात आमचा पहिला क्लिअर राउंड झाला, म्हणजे एकही दंडगुण नाही. शेवटच्या अडथळ्यावर तिचा मागचा खूर लागला, दांडी ज्या खोबणीत टेकलेली असते त्या कपात खडखडली. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. पडली नव्हती. चौथा नंबर आला. घरी त्या रिबिनीची फ्रेम करायचं चाललं होतं, मला आठवतो तो मात्र खडखडाट.

आता उतार. राज्य पातळीच्या स्पर्धेला आठ दिवस होते. रात्री नऊला मोतद्दार काकांचा, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांचा, फोन आला, "ताई, मैना चंदीला तोंड लावत नाही." जाऊन बघते तर पुढच्या पायानं जमीन उकरतेय, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघतेय, आडवं पडायला बघतेय. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात अडकलं की वरून बाहेर पडायला वाट नाही. घोडे यानं मरतात. एरवी मिनिटाला तीस-चाळीस असणारे ठोके साठच्या वर गेले होते. डॉक्टरांनी कुशीला स्टेथोस्कोप लावला, आतड्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. नाकातून नळी घालून तेल दिलं, इंजेक्शन दिलं. मग काका आणि मी आळीपाळीनं तिला फिरवत राहिलो. पहाटे साडेतीनला तिनं लीद टाकली. मूठभरच. काकांनी हात जोडले, मी रडले. लीद बघून माणूस रडतो, हे घोड्याच्या नादाला न लागलेल्याला सांगून पटत नाही. स्पर्धा अर्थातच गेली.

असं वरच्या पातळीवरही होतं. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्याला ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरावीक चाली नेमकेपणानं करून घ्यायचा प्रकार) सांघिक सुवर्ण मिळालं: अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला. घोडेस्वारीत 1982 च्या दिल्ली एशियाडनंतरचं हे आपलं पहिलंच सुवर्ण. चौघंही घरदार सोडून युरोपात राहून सराव करणारे. आपला मुंबईचा हृदय छेडा वैयक्तिक पात्रता फेरीत पहिला आला होता. अंतिम फेरीत घोड्याच्या पायाला रक्त दिसलं आणि नियमानुसार तो बाद झाला. त्याच फेरीत अनुषला कांस्य मिळालं. जगातल्या कुठल्याही सरावाला त्या एका ओरखड्याचा बंदोबस्त करता येत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. स्पर्धेत उतरवा, जरूर उतरवा. मुलगे-मुली, बाप्ये-बायका एकाच यादीत उतरतात असा खेळ दुसरा फारसा नाही, आणि तेराव्या वर्षी ती हवा अंगाला लागलेली चांगली. पण ती निवृत्त घोडी आत्ता घेऊ नका. स्वस्त मिळते ती विकत घ्यायला. पोसायला महागड्या घोड्याइतकीच लागते. दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा, तीसेक लिटर पाणी, वर दाणा, नाल, डॉक्टर, आणि दुखापत झाली तरी यातलं काही थांबत नाही. शिवाय नवशिकी पोर आणि नवशिकी घोडी ही जोडी वाईट. कोणीतरी एकानं आधी शिकलेलं असावं लागतं. मला मैना जमली ती रोज कुंपणापाशी उभे राहणारे सर होते म्हणून, आणि तरीही माझं गळ्याजवळचं हाड एकदा मोडलंच. पहिलं वर्ष स्कूलच्या एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या, सगळं बघून बसलेल्या घोड्यावर काढू द्या. तो अडणार नाही, आणि तिच्या चुका पोटात घालेल.

दरम्यान महिनाभर तिला स्वारी न करता संध्याकाळी नुसतं तबेल्यात पाठवून बघा: लीद काढणं, खूर साफ करणं, खरारा. पंधराव्या दिवशीही स्वतःहून निघाली, तर मग घोडीचा विषय काढा.

आणि हेल्मेट. एकदा पडून डोकं आपटलं की ते वरून कितीही धड दिसत असलं तरी नवीन घ्या. यात घासाघीस करू नका.