तहकुबीची टाच

‘बातम्यांत तहकूब, स्थगित, संस्थगित हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. यांत फरक आहे की नाही?’ असं एका वाचकानं विचारलंय.

आहे, चांगला ढळढळीत आहे. ‘राज्यपालांनी अधिवेशन तहकूब केलं’ असं कुणी म्हणालं की मी टीव्हीशीच भांडायला लागतो. तहकूब करतात ते अध्यक्ष किंवा सभापती. गदारोळ झाला, दहा मिनिटं तहकूब. पुन्हा झाला, दिवसभरासाठी. कामकाज आटोपलं, बेमुदत. राज्यपालांचं काम त्यानंतरचं: अनुच्छेद १७४ खाली ते सत्रच संपवतात. संविधानाच्या मराठी पाठात त्याला ‘सत्रसमाप्ती’ म्हटलंय, विधिमंडळात ‘संस्थगित’ चालतं. विसर्जन त्याहून निराळं, तिथे विधानसभाच जाते. झालं उत्तर.

आता तहकूबकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. अरबीत ‘अकिब’ म्हणजे टाच. कुणाच्या टाचेमागून चालत येणं म्हणजे ‘तअक्कुब’, आणि माझ्या मते आपला तहकूब त्यातूनच आला. उर्दूत आजही पोलीस चोराचा ‘तआकुब’ करतात, पाठलाग. मरणानंतर जे वाट्याला येतं ती ‘आकिबत’. आणि बायबलमधला जेकब जुळ्या भावाची टाच धरून जन्माला आला, म्हणून हिब्रूत त्याचं नावच टाचेवरून पडलं. तोच अरबीतला याकूब. म्हणजे आपला तहकूब याकूबचा चुलतभाऊ! हे लक्षात आलं त्या दिवशी माझा चहा गार झाला होता.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, तहकूब ‘तह’वरून आला, कारण ‘युद्धतहकुबी’. मग ‘कूब’ कुठून आलं, ते या मंडळींनी सांगावं. दुसरा आक्षेप जरा शिकलेल्यांचा: मूळ शब्द ‘तवक्कुफ’, म्हणजे थांबणं. अर्थ जुळतो म्हणून हे लोक खूश. पण त्याच धातूचा ‘मौकूफ’ मराठीत ‘मोकूफ’ झाला, फ जिथल्या तिथे. ‘वक्फ’चाही फ शाबूत. मग एकट्या तवक्कुफनं फ टाकून ब का घ्यावा? माझ्या व्युत्पत्तीत फक्त एक ऐन, म्हणजे अरबीतला घशातून निघणारा वर्ण, हलतो, आणि ऐन मराठी जिभेवर कधी टिकला आहे? तअरीफची तारीफ झाली, तअल्लुक्याचा तालुका. इथे त्या जागी ह येऊन बसला, एवढंच.

अर्थाचंही नीट बघा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस दर वर्षी तीच: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.’ अर्धा तास सगळे त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वेफर्स खातात आणि मग तीच सभा पुढे चालू होते. नवी नोटीस नाही, नवे विषय नाहीत. तहकूब सभा संपलेली नसते, पहिलीच्या टाचेला टाच लावून येणार असते. सभागृहाचंही तेच. बेमुदत तहकूब झालं तरी सत्रसमाप्ती होईपर्यंत अध्यक्ष ते पुन्हा बोलावू शकतात, राज्यपालांचं नवं निमंत्रण लागत नाही. थांबण्यावर भर देणाऱ्या तवक्कुफवाल्यांना हे पुढचं पाऊल दिसतच नाही.

संस्थगित राहिलंच. तो शब्द मला जड वाटतो. ‘सत्रसमाप्ती’ असताना ‘सं’ची पगडी कशाला? शिवाय ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं बासनात गेलं. तसं नसतं. अनुच्छेद १९६ प्रमाणे सत्र संपलं म्हणून प्रलंबित विधेयक रद्द होत नाही. ब्रिटनमध्ये मात्र साधारणपणे होतं.

आणि स्थगित? संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणं, लपवणं. ‘स्थग’ म्हणजे लबाड, आणि त्याचाच पुढे ‘ठग’ झाला. तेव्हा चौकशी ‘स्थगित’ झाल्याची बातमी वाचताना मला वेगळंच काही ऐकू येतं.